दाराच्या आत

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘नोकरी सोडून मी काय करते’. माझ्या आधी द्राक्षबागेवर बोलणं झालं, गिर्यारोहण झालं, गाण्याच्या क्लासचा अनुभव झाला. मी मोटारीच्या दारांवर बोलणार आहे. हसा, हसा. मागच्या बाकावरून हसू येणार हे मी धरूनच आले होते. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माणसाला हाताला लागेल असं काहीतरी करावंसं वाटतं. कोणी कुंडीत टोमॅटो लावतं, मी नव्या गाडीची दारं उघडली. उघडली म्हणजे बिजागरीवर नव्हे, आतून.

पण हौस म्हणून हे केलं असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. खरं कारण आमची आई.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आठवत असेल. शाळा सुटल्यावर आमच्या ओट्यावर जी गँग बसायची, तिला पोहे देता देता तुमच्या घरच्या सगळ्या बातम्या काढून घेणारी ती हीच. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. इथे साताऱ्यातच राहते, एकटी. पाच-सहा वर्षांपासून तिला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. घरात, खोली शांत असली की तिच्याशी छान बोलता येतं. पण दर महिन्याला तपासणीसाठी मी तिला पुण्याला नेते आणि परत आणून सोडते. एका बाजूचे जवळजवळ एकशे दहा किलोमीटर. या दोन-अडीच तासांत ती एक शब्द बोलायची नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. मी काही विचारलं की हसायची आणि मान हलवायची. ‘चहा घेऊया का?’ या प्रश्नाला ‘हो, गेल्या आठवड्यातच’ असं उत्तर आलं, तेव्हा मला कळलं की ती हसते ते ऐकू आल्यामुळे नाही, ऐकू आलं नाही हे आपल्याला कळू नये म्हणून.

कानाच्या तज्ज्ञांकडे गेलो तेव्हा आई त्यांना जे म्हणाली ते तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेल: ‘आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत.’ हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे.

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळं सारखं कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, उंच आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. व्यंजनं, विशेषतः स, श, त, क, ख, फ, ही वरच्या पट्टीत आणि फार नाजूक असतात. गंमत अशी की आवाज स्वरांमुळे पोचतो, पण अर्थ व्यंजनांमुळे. ताट, पाट, खाट. तिन्हींत ‘आ’ तोच आणि ‘ट’ तोच. फरक काय तो पहिल्या फुंकरीइतक्या आवाजाचा. ती फुंकर हरवली की जेवायचं, बसायचं की झोपायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं. आमची आई दिवसभर असे अंदाज बांधत असते. संध्याकाळी ती दमलेली असते ते कामाने नव्हे, यानेच.

आता अशा माणसाला गाडीत बसवा. टायर रस्त्यावर घासत असतात, इंजिनाची घरघर, एसीचा पंखा, बाजूने ट्रक. यातला बराचसा आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा. आपल्या कानाची रचना अशी आहे की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजावर पांघरूण घालतो. उलट मात्र तितकंसं होत नाही. म्हणजे घरघर जितकी जास्त तितकी व्यंजनं आणखी बुडतात. कानातलं यंत्र मदत करतं, पण तेही बोलण्याबरोबर थोडीफार घरघर मोठी करतंच. त्यात चालवणारा रस्त्याकडे बघत असतो, त्यामुळे ओठ दिसत नाहीत. ऐकू कमी येणारी माणसं ओठ वाचतात, शिकवल्याशिवाय वाचतात. गाडीत ती वाटही बंद.

मग आपण काय करतो? ओरडतो. आणि इथेच खरी अडचण आहे. गेली दोन वर्षं आमच्या घरात एक प्रश्न लोंबकळत होता: आईने साताऱ्याचं घर बंद करून पुण्याला माझ्याकडे राहायला यावं का? हा विषय काढायला आम्हा दोघींना मोकळा वेळ मिळायचा तो गाडीतच. ‘आई, तू एकटी असतेस, मला रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य ओरडून म्हणून बघा. काळजी उरतच नाही, नुसता राग ऐकू येतो. तीही मग मोठ्याने ‘मला काही झालेलं नाही’ म्हणायची आणि विषय तिथे संपायचा.

गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. छोटीच आहे, तुम्ही आत येताना फाटकाजवळ पाहिली असेल. छोट्या गाडीत आवाज जास्त का येतो याचा मी वीकेण्डला बसून अभ्यास सुरू केला. सॉफ्टवेअरवाल्यांची खोड असते, दुरुस्तीआधी मोजायचं. म्हणून फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. फोनचं अ‍ॅप काही प्रयोगशाळेचं उपकरण नव्हे, त्याचा आकडा बरोबर असेलच असं नाही. पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, पंखा बंद, असं ठेवलं तर आधी आणि नंतर यांतला फरक बऱ्यापैकी कळतो. ताशी ८० किलोमीटरला, खंबाटकी उतरल्यावरच्या सपाट पट्ट्यात, ७०च्या आसपास आकडा येत होता.

७० काय? डेसिबल. बाई, तुम्ही आम्हाला ध्वनी शिकवताना काचेच्या हंडीतली घंटा फळ्यावर काढून दाखवली होती, कारण आपल्या शाळेत हवा काढायचा पंप नव्हता. डेसिबल तेव्हा पाठ केला होता, कळला फार नंतर. हा साधा गज-मीटरसारखा आकडा नाही. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली. पण कानाला ‘निम्मा झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. यातला ‘बेल’ म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांच्या नावावरून १९२०च्या दशकात हे एकक ठरलं. त्यांच्या आईला फार कमी ऐकू यायचं. इतर लोक तिच्या कर्ण्यात ओरडायचे, आणि हा मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, स्वच्छ आवाजात बोलायचा, ते तिला कळायचं. पुढे ते बहिऱ्या मुलांचे शिक्षक झाले, त्यांच्या पत्नीलाही ऐकू येत नव्हतं. आवाज मोजायच्या एककाला त्यांचंच नाव मिळावं हे मला फार योग्य वाटतं.

तर आता दार. गाडीचं दार बाहेरून भरभक्कम वाटतं, पण तो डबा आहे. बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या आत बाजूच्या धडकेपासून वाचवणारी एक आडवी पोलादी पट्टी किंवा नळी. मग पोकळी, ज्यात काच खाली उतरते, तिची मोटर, लॉक, वायरी. मग आतला पत्रा, ज्याला हात घालता यावा म्हणून मोठमोठी भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांवर चिकटवलेला एक प्लॅस्टिकचा कागद. आणि सगळ्यात शेवटी आपल्याला दिसतं ते प्लॅस्टिकचं डोअर पॅड, क्लिपांवर बसवलेलं. कागद बघून मला आधी वाटलं की पॅकिंगचा राहिला असेल. तसं नाही. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दाराच्या आत उतरतंच, ते उतरावं अशीच रचना आहे, आणि तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर जातं. तो कागद म्हणजे ते पाणी तुमच्या पायांवर येऊ नये म्हणून. दुकानांत पुष्कळदा तो फाडून फेकून देतात. मग जुलैत गाडीच्या कार्पेटला वास का येतो याचा शोध सुरू होतो.

आवाज दोन रीतींनी आत येतो, आणि या दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. बाजारात नेमका इथेच घोळ घालतात.

पहिली रीत म्हणजे पत्रा स्वतःच थरथरतो. आपली शाळेची घंटा आठवा. पितळी थाळी. शिपाईमामा टोल द्यायचे आणि ती किती वेळ घुमत राहायची. कधी परीक्षेच्या वेळी चुकून टोल पडला तर मामा लगेच तळवा थाळीवर ठेवायचे आणि आवाज तिथल्या तिथे मरायचा. तळव्याचं वजन ते किती? पण मऊ तळवा थरथर स्वतःत जिरवतो. गाडीच्या पत्र्याला जे चिकटवतात ती डॅम्पिंग शीट म्हणजे हाच तळवा. ब्युटिल रबराचा दोनेक मिलिमीटरचा चिकट थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा वाकायला लागला की फॉइल वाकायला तयार नसते, मधलं रबर दोघांच्या मध्ये ओढलं जातं, घसपटतं, आणि थरथरीची ऊर्जा किंचितशा उष्णतेत बदलते. म्हणून फॉइल ही शोभेची नाही. ती जाड हवी आणि शीट पत्र्याला नखाइतकीही जागा न सोडता दाबून बसायला हवी.

दुसरी रीत म्हणजे हवेतला आवाज पत्र्याच्या आणि काचेच्या आरपार येतो. याला औषध दोनच, वजन आणि फट बुजवणं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कागदावर ६ डेसिबल जास्त अडतात. आता हिशोब करा. पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी जाडीचा पत्रा म्हणजे चौरस मीटरला साडेपाच किलो. त्यावर सव्वातीन किलोची शीट शंभर टक्के चिकटवली तरी वाढ फार तर ४ डेसिबल, तीही कागदावर. आणि दाराचा वरचा अर्धा भाग काच आहे, तिला काय चिकटवणार? म्हणून ‘चारही दारं, छत, डिकी, सगळं कानाकोपऱ्यापर्यंत झाकू, गाडी साउंडप्रूफ होईल’ असं कोणी म्हणालं की मी नमस्कार करून उठते. साउंडप्रूफ गाडी असं काही नसतं. डॅम्पिंगचा बहुतेक फायदा पत्र्याचा मधला, मोकळा, जास्त थरथरणारा भाग झाकला की मिळतो. पाव ते अर्धा भाग पुरतो. त्यापुढची प्रत्येक शीट म्हणजे पैसा आणि वजन.

फटीचं मात्र आपण फार हलक्यात घेतो. एखाद्या भिंतीत शंभरातला एक भाग जरी उघडा असेल, तर बाकीची भिंत दगडाची असो की किल्ल्याची, २० डेसिबलच्या वर ती आवाज अडवू शकत नाही. दाराच्या कडेचं रबर, काचेची खाच आणि तो फाटलेला प्लॅस्टिकचा कागद यांकडे आधी बघायचं ते यासाठी. रबराची तपासणी फुकट होते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे रबर दाबलं जात नाही. सगळ्या कडेने फिरून हे केलं तर अर्धा तास लागतो.

आता प्रत्यक्ष काम. मी एका रविवारी एक दार, असं ठरवलं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाकांनी पहिल्या दिवशी तीनदा येऊन विचारलं, ‘मॅडम, मेकॅनिकला फोन लावू का?’ चौथ्या वेळी टॉर्च धरून उभे राहिले.

बॅटरीची वायर आधी काढायची आणि थोडं थांबायचं, कारण आजकाल दारात काय काय असतं. मग आतल्या हँडलच्या मागचा आणि हात टेकायच्या खाचेतला असे स्क्रू. ते झाकणांखाली लपलेले असतात. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने नव्हे, कडेकडेने क्लिपा सोडवायच्या आणि पॅड वर उचलून बाहेर घ्यायचं. एकदम ओढायचं नाही, मागे हँडलची केबल आणि काचेच्या बटणांची वायर असते. क्लिपा मोडतात. चार-सहा जास्तीच्या आधीच आणून ठेवाव्यात. नाना पेठेत मिळतात, नमुना घेऊन गेलेलं बरं.

आतून दार धुळीने भरलेलं असतं, गाडी नवी असली तरी. तेलकटपणा राहिला तर शीट सहा महिन्यांत सुटते. म्हणून अल्कोहोल लावून फडक्याने तीनदा पुसलं. शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे केले, कारण भोकांतून आत जायला तेवढेच जातात. आत हात घालून, न बघता, अंदाजाने चिकटवायचे आणि छोट्या रुळाने दाबायचे, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. हातमोजे घाला. पत्र्याच्या कडा आणि ती फॉइल, दोन्ही ब्लेडसारखी असतात. तळाची भोकं मोकळी राहावीत म्हणून खालचा चार बोटं भाग मी सोडला. काच पूर्ण खाली उतरवून कुठे घासत नाही ना हे बघितलं आणि मगच पुढे गेले.

डांबराची स्वस्त शीटही मिळते. गच्चीच्या गळतीसाठी असते तशी. ती घेऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो. डांबर मऊ पडतं, सरकतं आणि गाडीत रस्त्याच्या कामाचा वास येतो.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना बजावून सांगते. काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की पत्रा आत दबतो, पोकळीतला दाब क्षणात वाढतो, आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. अशा दारात भोकं वाट्टेल तशी बुजवली किंवा सेन्सरवर शीट चिकटवली तर तुम्ही आवाजासाठी जिवाशी खेळताय. गाडीचं माहितीपुस्तक बघा, सर्व्हिस सेंटरला विचारा, शंका असेल तर दाराला हात लावू नका. पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेने असतात, म्हणून खांबांच्या पॅनेलमागे काही कोंबायचं नाही. आणि कुठलीही वायर कापायची नाही. नव्या गाडीच्या वॉरंटीचा वाद हमखास सुरू होतो तो कापलेल्या वायरीवरून.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं मी शीटने कायमची बंद केली नाहीत. उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिकने आत हात कुठून घालायचा? कंपनीचा तोच कागद नव्या ब्युटिल पट्टीने कडेकडेने घट्ट बसवला. वायरींना आणि लॉकच्या सळीला फेल्टची पट्टी गुंडाळली. निम्मी खडखड यानेच जाते आणि याला खर्च जवळजवळ नाही. पॅडच्या मागे बंद छिद्रांचा पातळ फोम लावला, कारण स्पंजासारखा उघडा फोम दारात पाणी धरून बसतो. स्पीकरभोवती फोमचं कडं दिलं. एका दाराचं वजन सगळं मिळून दोन किलोच्या आसपास वाढलं. बिजागरीला ते काहीच नाही.

गाण्याला यामुळे जो फरक पडतो तो मोठाच. दार म्हणजे स्पीकरची पेटी. पेटी थरथरायची थांबली की तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाजतो. पण मी गाडीत आता गाणी कमी लावते.

पॅड बाहेर होतंच, म्हणून थोडी हौसही केली. मधल्या राखाडी कापडाच्या जागी खणाचं कापड ताणून बसवलं, गर्द हिरवं. आईच्या हाताला लागेल अशा जागी. दाराच्या तळाला एक बॅटरीवरचा छोटा दिवा चिकटवला, दार उघडलं की पाय कुठे ठेवायचा ते रात्री दिसावं म्हणून. त्याला वायर नाही, भोक नाही.

आता निकाल. समोरची दोन दारं झाल्यावर त्याच पट्ट्यात, त्याच वेगाला, आकडा ६८च्या जरा वर आला. जेमतेम दोन डेसिबल. माझ्या ऑफिसमध्ये हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, ‘एवढ्यासाठी तीन रविवार?’ आकडा त्याला खरंच छोटा दिसतो, आणि मी तो मोठा करून सांगणार नाही. टायर आणि चाकावरची कमान, गाडीचा तळ, इथून येणारा आवाज दारांपेक्षा जास्त असतो. टायरमधली हवा बरोबर ठेवणं आणि पुढच्या वेळी शांत टायर निवडणं याने कदाचित याहून जास्त फरक पडेल. ताशी ८० ऐवजी ६५ने गेलं तरी पडतो, तोही फुकट.

पण तो आकडा सगळ्या पट्ट्यांची बेरीज आहे. दाराची ती घुमणारी थरथर, जी आईच्या बाजूला तिच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर होती, ती गेली. त्याबरोबर मी आणखी तीन गोष्टी केल्या. पहिली, ती मागे बसायची, तिला पुढे घेतलं. पुढे डावीकडे बसलं की तिचा उजवा कान माझ्याकडे येतो, आणि सुदैवाने तिचा उजवा कानच बरा आहे. दुसरी, पंखा एकवर. तिसरी, तज्ज्ञांना सांगून यंत्रात गाडीसाठी वेगळी सेटिंग करून घेतली. यातल्या कशामुळे किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. इंजिनीअर म्हणून ते मला खुपतं, मुलगी म्हणून नाही.

डिसेंबरात तिला आणायला आले होते. निघालो, शिरवळच्या अलीकडे मी सवयीने मोठ्या आवाजात काहीतरी विचारलं. आई म्हणाली, ‘ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला.’

आणि मग ती बोलायला लागली. तुम्हाला माहीत आहे ती बोलते तेव्हा कशी बोलते. शेजारच्यांच्या सुनेपासून सुरुवात झाली. मग मी हळूच, माझ्या नेहमीच्या आवाजात, पुण्याला येण्याचा विषय काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती ‘मला काही झालेलं नाही’ असं म्हणाली नाही. म्हणाली, ‘तुझ्याकडे आले की तुम्ही सगळे एकदम बोलता. जेवणाच्या टेबलावर चार जण. टीव्ही चालू. मला एकही शब्द कळत नाही आणि मी हसत बसते. माझ्या घरी मी एकटी असते, पण तिथे मला सगळं कळतं. दूधवाला एकटा येतो, समोर उभा राहून बोलतो.’

मी पुण्याचं घर किती हवेशीर आहे, दवाखाना किती जवळ आहे, याच्या याद्या करत बसले होते. तिची अडचण टेबलावरच्या चार माणसांची होती, आणि ते तिला ओरडून सांगता येत नव्हतं. ओरडून असं कोण सांगतं?

ती अजून साताऱ्यातच आहे. मधल्या काळात आमच्या पुण्याच्या घरात जेवताना टीव्ही बंद असतो आणि एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम आहे. मुलं तो दहा मिनिटं पाळतात. फरशीवर सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदे लावले, कारण मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. जानेवारीत ती आठ दिवस राहून गेली. पुढचं मे महिन्यात बघू असं म्हणालीय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आता या वयाचे आहेत, आणि सर, माफ करा, पण इथे पुढच्या रांगेतही दोन-तीन जण मान हलवत हसताहेत, ते मला वेगळं कळतं. म्हणून माईक थोडा जवळ धरलाय. मागे बसलेल्यांपैकी कोणाला ऐकू येत नसेल तर हात वर करा, लाजू नका.

सामान कुठून आणलं, किती लागलं, याची यादी मी प्रिंट काढून आणली आहे, नोंदणीच्या टेबलावर ठेवते. समोरच्या दोन दारांचं काम झालंय, मागची दोन अजून कंपनीतून आली तशीच आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार आहे. जेवण झाल्यावर फाटकाजवळ या. आधी मागच्या दारावर बोटाच्या पेराने वाजवा, मग पुढच्या. फक्त डावीकडचं पुढचं दार जरा हळू वाजवा, आई आत बसलेली असेल. तिला गर्दीत जेवायला नको वाटतं, डबा आणलाय. काच खाली करून तुमची नावं विचारील. एकेक जण समोर उभं राहून सांगा.